उठून उभे राहण्याचे बळ : वार्धक्यातील दुर्बलता आणि व्यायाम

(सुवर्णमहोत्सवी कार्यक्रमात झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



सुवर्णमहोत्सव म्हटला की सत्कार होतात, गौरवाची भाषणे होतात, जुनी छायाचित्रे भिंतीवर लागतात आणि ते योग्यच आहे. परंतु पन्नास वर्षांचा एक साधा हिशेबही मांडून पाहावा. ज्यांनी तिशी-पस्तिशीत असताना या कार्याची पहिली वीट रचली, ते आज ऐंशी-पंच्याऐंशीच्या घरात आहेत. त्यांच्यापैकी काही समोर पहिल्या रांगेत बसले आहेत, काही मागे भिंतीलगतच्या खुर्च्यांवर आहेत. आणि काही असे आहेत की ज्यांच्या घरी निमंत्रणपत्रिका पोहोचली, मनही निघाले, पण पाय निघाले नाहीत. आजचे माझे चार शब्द त्या न आलेल्या ज्येष्ठांविषयी आहेत.

२०११ च्या जनगणनेनुसार आपल्या देशात साठ वर्षांवरील नागरिकांची संख्या सुमारे १० कोटी ३८ लाख होती. महाराष्ट्रात दर शंभर माणसांमागे जवळपास दहा जण साठीच्या पुढचे होते. त्यानंतर हे प्रमाण वाढतच गेले आहे. आयुष्य लांबले, ही वैद्यकशास्त्राची देणगी. परंतु लांबलेले आयुष्य दुसऱ्याच्या खांद्यावर हात टाकून काढायचे की स्वतःच्या पायावर, हा प्रश्न औषधाच्या गोळीने सुटत नाही.

वऱ्हाडची व्यायामपरंपरा

व्यायामाविषयी बोलायला वऱ्हाडाइतकी योग्य भूमी क्वचितच सापडेल. वैद्य बंधूंनी १९१४ साली अमरावतीत लावलेल्या रोपट्यातून श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा वटवृक्ष उभा राहिला. १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी या मंडळाच्या पथकाने तेथे भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके सादर केली. नागपुरात योगमूर्ती जनार्दनस्वामींनी योगाभ्यासी मंडळाच्या द्वारे विदर्भाच्या घराघरांत आसने पोहोचवली. आणि अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी १८७६ साली जन्मलेले गाडगेबाबा हातात खराटा घेऊन गावोगाव फिरले, गावे झाडत राहिले. चालणे आणि श्रम हा त्यांच्या जीवनाचा अविभाज्य भाग होता.

असे असूनही आपल्या मनात एक समजूत घट्ट बसलेली आहे. दंड-बैठका, मलखांब, लेझीम हे तरुणांसाठी. साठीनंतर जमल्यास सकाळचे फिरणे. पंचाहत्तरीनंतर मात्र विश्रांती. ही समजूत कितपत खरी आहे, याची जगभर शास्त्रीय तपासणी झालेली आहे. तिचा निष्कर्ष आपल्या समजुतीच्या नेमका विरुद्ध आहे आणि तो आपण सर्वांनी ऐकण्यासारखा आहे.

दुर्बलता म्हणजे नेमके काय?

वय होणे आणि दुर्बल होणे या दोन गोष्टी एक नाहीत. नव्वदीतही काठीविना दर्शनाला जाणारे गृहस्थ आपण पाहतो आणि सत्तरीतच खाटेला लागलेलेही पाहतो. वैद्यकशास्त्रात या दुसऱ्या अवस्थेला ‘फ्रेल्टी’ म्हणतात. आपण तिला जर्जरता म्हणू. २००१ साली अमेरिकेतील डॉ. लिंडा फ्राइड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाच हजारांहून अधिक ज्येष्ठांच्या निरीक्षणावरून तिची पाच लक्षणे निश्चित केली. प्रयत्न न करता वर्षभरात वजन साडेचार किलो किंवा त्याहून अधिक घटणे, सतत थकवा वाटणे, हाताची पकड सैल होणे, चाल मंदावणे आणि एकूण हालचाल कमी होणे, ही ती लक्षणे. यांपैकी तीन किंवा अधिक आढळली तर जर्जरता आली असे समजावे. एक किंवा दोन असली तर ती उंबरठ्यावर उभी आहे असे समजावे.

या अवस्थेतील माणसाला लहानसा धक्काही मोठा ठरतो. साधा ताप, आठ दिवसांचा जुलाब किंवा न्हाणीघरात घसरलेला पाय, एवढ्यावरून तो खाटेला लागतो आणि पुन्हा पूर्वीसारखा उठत नाही. घरचे म्हणतात, “तापाने खाल्ले.” वस्तुतः ताप निमित्त असतो. स्नायूंची शिल्लक त्यापूर्वीच संपत आलेली असते.

विश्रांतीची किंमत

स्नायू वयाबरोबर झिजतात हे खरे; परंतु निष्क्रियतेमुळे ते कितीतरी अधिक वेगाने झिजतात. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात निरोगी वृद्धांना केवळ दहा दिवस अंथरुणावर ठेवण्यात आले. त्यांना कोणताही आजार नव्हता, आहारही व्यवस्थित होता. तरीही दहा दिवसांत त्यांच्या पायांचे सुमारे एक किलो मांस घटले आणि पायांची शक्ती जवळपास सोळा टक्क्यांनी कमी झाली. निरोग्याची ही अवस्था, तर आजाऱ्याची काय होत असेल, याचा विचार करावा.

आता आपल्या घरात डोकावू या. सून प्रेमाने म्हणते, “आई, तुम्ही बसा, मी आणते पाणी.” मुलगा काळजीने म्हणतो, “बाबा, जिना चढू नका, मी आहे ना.” नातू चप्पल पायाशी आणून ठेवतो. यात कोणाचाही हेतू वाईट नाही. हे आपल्या घरांचे संस्कार आहेत. परंतु दिवसातून वीस वेळा उठणारी आई जेव्हा पाचच वेळा उठू लागते, तेव्हा तिच्या मांड्यांना मिळणारा व्यायाम एक चतुर्थांशावर येतो. मग उठणे जड जाते. जड जाते म्हणून ती आणखी कमी उठते. हे चक्र आपल्या डोळ्यांदेखत फिरत असते आणि आपण त्याला ‘आता वय झाले’ असे नाव देतो.

नव्वदीतील विद्यार्थी

हे चक्र उलटे फिरवता येते का? १९९० साली अमेरिकेतील बोस्टन येथे डॉ. मारिया फियाटारोन यांनी एका वृद्धनिवासातील दहा जणांना निवडले. त्यांचे सरासरी वय नव्वद होते. प्रकृती क्षीण होती आणि बहुतेकांना जुने आजार होते. या मंडळींना हलके हातवारे न शिकवता, त्यांच्या कुवतीच्या मानाने चांगले जड वाटेल असे वजन मांडीच्या स्नायूंनी उचलायला लावले. आठवड्यातून तीन दिवस आणि एकूण आठ आठवडे हा क्रम चालला. नऊ जणांनी तो पूर्ण केला. त्यांच्या पायांची शक्ती सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, म्हणजे पूर्वीच्या अडीचपटीहून अधिक झाली. दोघांनी चालताना काठी घेणे सोडले.

याच अभ्यासाची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. व्यायाम थांबवल्यावर अवघ्या चार आठवड्यांत त्या शक्तीचा जवळपास एक तृतीयांश भाग पुन्हा गेला. म्हणजे हे अनुष्ठान महिन्याभराचे नाही. ते नित्यनियमाचे आहे.

पुढे १९९४ साली त्याच चमूने सरासरी ८७ वर्षांच्या शंभर ज्येष्ठांवर मोठा प्रयोग केला. त्यांचे चार गट केले. एकाला व्यायाम, दुसऱ्याला पौष्टिक पेय, तिसऱ्याला दोन्ही आणि चौथ्याला यांपैकी काहीच नाही. दहा आठवड्यांनंतर व्यायाम करणाऱ्यांची शक्ती ११३ टक्क्यांनी वाढली, चालण्याचा वेग सुमारे बारा टक्क्यांनी वाढला आणि जिना चढण्याची ताकदही सुधारली. ज्यांना केवळ पौष्टिक पेय दिले, त्यांच्या दुर्बलतेत फरक पडला नाही. आई-वडिलांसाठी महागडे टॉनिकचे डबे आणून आपले कर्तव्य पूर्ण झाले असे मानणाऱ्यांनी हा निष्कर्ष जरूर लक्षात ठेवावा.

लाभ किती आणि मर्यादा कोणत्या

आठ-दहा आठवड्यांच्या प्रयोगावरून घाईने निष्कर्ष काढू नयेत, म्हणून पुढे अनेक वर्षे चाललेले अभ्यास झाले. २०१४ साली अमेरिकेत ७० ते ८९ वयाच्या १,६३५ जणांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सुमारे अडीच वर्षांच्या काळात केवळ आरोग्यविषयक व्याख्याने ऐकणाऱ्या गटातील ३५.५ टक्के लोक चारशे मीटर चालण्याची क्षमता गमावून बसले, तर नियमित व्यायाम करणाऱ्यांत हे प्रमाण ३०.१ टक्के राहिले. २०२२ साली युरोपातील अकरा देशांतील दीड हजारांहून अधिक ज्येष्ठांच्या अभ्यासात, ज्यांची हालचाल आधीच बरीच मंदावलेली होती त्यांच्यात हेच प्रमाण ५२.७ आणि ४६.८ टक्के असे आढळले. त्या मानाने सुस्थितीत असलेल्यांत मात्र तसा स्पष्ट फरक दिसला नाही. यातून एक मोलाची गोष्ट हाती लागते. जो अधिक अशक्त, त्यालाच व्यायामाचा लाभ ठळकपणे होतो. “आता ते फार थकले, त्यांना काय व्यायाम सांगायचा?” हे आपले वाक्य शास्त्राच्या कसोटीवर टिकत नाही.

पडण्याविषयीही असेच. २०१९ साली शंभरहून अधिक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेण्यात आला. त्यात तोल आणि शक्ती वाढवणाऱ्या व्यायामामुळे ज्येष्ठांच्या पडण्याचे प्रमाण जवळपास एक चतुर्थांशाने घटल्याचे दिसले. केवळ फिरण्यामुळे असा लाभ होतो, हे मात्र सिद्ध झाले नाही.

मी अतिशयोक्ती करणार नाही. आपण पाहिलेले आकडेच सांगतात की व्यायाम करूनही अनेकांची हालचाल कमी होतेच. व्यायामाने रुग्णालयात जाण्याचे प्रसंग टळतात, असेही या मोठ्या अभ्यासांत दिसले नाही. जरा कोणाला चुकली नाही. परंतु शंभरांपैकी पाच-सहा ज्येष्ठ अधिक काळ स्वतःच्या पायावर चालले, तर ते पाच-सहा कोणाच्या तरी घरातील आई-वडील असतात. त्यांपैकी एक आपल्या घरातील असेल, तर तो आकडा लहान वाटणार नाही.

कोणता व्यायाम करावा?

पहिली गोष्ट अशी की फिरणे उत्तम, पण पुरेसे नाही. चालण्याने श्वास आणि हृदय सुधारते. खुर्चीतून उठण्याची ताकद मात्र उठूनच येते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली ज्येष्ठांना आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंच्या शक्तीचा आणि किमान तीन दिवस तोल व शक्ती यांचा एकत्रित व्यायाम सुचवला आहे.

आधी स्वतःची परीक्षा घ्यावी. हात नसलेल्या पक्क्या खुर्चीवर बसून, दोन्ही हात छातीशी घेऊन, पाच वेळा पूर्ण उठावे आणि बसावे. जवळ कोणीतरी उभे असावे. बारा सेकंद किंवा अधिक वेळ लागला, तर आशियातील तज्ज्ञांच्या निकषानुसार स्नायू क्षीण झाल्याची शंका घ्यावी.

मग घरातल्या घरात चार गोष्टींनी आरंभ करावा. पहिली, खुर्चीची बैठक. सुरुवातीला हाताचा आधार घेऊन आठ वेळा उठावे-बसावे. जमू लागले की आधार कमी करावा, त्यानंतर खुर्चीची उंची कमी करावी. दुसरी, स्वयंपाकाचा ओटा धरून टाचा उचलणे. तिसरी, ओटा धरूनच एक पाऊल दुसऱ्याच्या पुढे ठेवून उभे राहणे आणि पुढे एका पायावर दहा सेकंद उभे राहण्याचा सराव. चौथी, वजन. त्यासाठी व्यायामशाळेची गरज नाही. अर्धा किलो मूग किंवा वाळू भरलेली कापडी पिशवी घोट्याला बांधून, बसल्या जागी गुडघा सरळ करावा. दोन-तीन आठवड्यांनी पिशवीत पावशेर भर घालावी. शेवटच्या दोन आवर्तनांना थोडे कष्ट पडले पाहिजेत. अजिबात कष्ट पडत नसतील तर स्नायूला वाढण्याचे कारणच उरत नाही. श्वास मात्र कधीही रोखू नये.

आपल्या नित्य आचरणातही याला जागा आहे. वंदना करताना वाकणे, जमिनीवर बसून पुन्हा उठणे, कायोत्सर्गात स्थिर उभे राहणे, या क्रियांत शरीराची उत्तम कसोटी लागते. त्यांचा हेतू आत्मशुद्धीचा आहे, व्यायामाचा नाही, हे मी जाणतो. परंतु गुडघे दुखू लागताच आपण खुर्ची घेतो आणि ती खुर्ची पुन्हा कधीच सुटत नाही. सामायिकाला खुर्ची अवश्य घ्यावी. पण सामायिक आटोपल्यावर त्याच खुर्चीतून दहा वेळा उठावे-बसावे.

सावधगिरीही सांगितली पाहिजे. छातीत दुखणे, अनियंत्रित रक्तदाब, नुकतेच झालेले अस्थिभंग किंवा शस्त्रक्रिया, वारंवार चक्कर येणे असे काही असेल तर वैद्यांना विचारल्यावाचून आरंभ करू नये. प्रारंभीचे काही आठवडे फिजिओथेरपिस्टची देखरेख असल्यास उत्तम. अकोल्याचा उन्हाळा आपण जाणतोच. मार्च ते जूनमध्ये सकाळ लवकर गाठावी आणि ऊन चढल्यावर घरातच व्यायाम करावा.

आहार आणि तप

व्यायामाविना आहार निष्फळ, तसेच आहाराविना व्यायामही अपुरा. तज्ज्ञांच्या मते ज्येष्ठांना दर किलो वजनामागे दररोज एक ते सव्वा ग्रॅमच्या जवळपास प्रथिने हवीत. म्हणजे पन्नास किलो वजनाच्या आजीला पन्नास ते साठ ग्रॅम. पोळी आणि पातळ वरण एवढ्यावर हे भागत नाही. घट्ट वरण, मूग, चणा, दूध, पनीर, शेंगदाणे, सोयाबीन हे पदार्थ, द्विदलाचा व आपापला इतर नियम पाळूनही, प्रत्येक जेवणात थोडे थोडे येऊ शकतात. वऱ्हाडात सोयाबीन पिकते. ते केवळ बाजार समितीत जाऊ नये, आजी-आजोबांच्या ताटातही यावे. शाकाहारी ज्येष्ठांमध्ये ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता आढळते. तिच्यामुळे पायांना बधिरता येते, तोल जातो. एका साध्या रक्ततपासणीने ती कळते आणि तिच्यावर उपायही सोपा आहे.

सूर्यास्तापूर्वी भोजन करणाऱ्यांच्या दोन जेवणांत मोठे अंतर पडते. त्यांनी व्यायाम अगदी रिकाम्या पोटी न करता, नवकारशीनंतर काही घेऊन करावा, विशेषतः मधुमेहाची औषधे चालू असतील तर.

उपवासाविषयी मी अत्यंत आदराने बोलतो. तपाचा निर्णय ज्याचा त्याचा आणि त्याच्या गुरूंचा आहे. वैद्यकशास्त्र एवढेच सांगते की दीर्घ उपवासात चरबीबरोबर स्नायूही जातात आणि जर्जर देहात ते सहजासहजी परत येत नाहीत. तप शक्तीप्रमाणे करावे, ही आपल्याच परंपरेची शिकवण आहे. ती शक्ती किती उरली आहे, हे उपवासाचा संकल्प करण्यापूर्वी पाहावे आणि आपल्या वैद्यांना सांगावे, एवढीच प्रार्थना.

समाजाने काय करावे?

मंडळी, आपल्या बहुतेक ट्रस्टांकडे सभागृह असते, सतरंज्या असतात, खुर्च्या असतात. आठवड्यातून दोन सकाळी एक-एक तास ते सभागृह ज्येष्ठांसाठी उघडे ठेवणे, एका प्रशिक्षित व्यक्तीला मानधन देणे आणि प्रत्येकाच्या प्रगतीची एक साधी वही ठेवणे, याला फार मोठा निधी लागत नाही. अमरावतीसारख्या शहरात शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय आहे. प्रशिक्षितांची वाण नाही. येऊ न शकणाऱ्यांसाठी तरुण मंडळाने घरी जावे आणि त्यांच्यासमवेत पंधरा मिनिटे उठ-बस करावी. वृद्धांना औषधाइतकीच सोबत हवी असते, हे निराळे सांगायला नको.

घरच्यांनी सेवेची व्याख्या थोडी बदलावी. आईच्या हातातला पेला काढून घेणे म्हणजेच सेवा, असे नव्हे. ती स्वतः उठून पाणी घेईल तोवर शेजारी उभे राहणे हीदेखील सेवाच आहे. दुसरीला अधिक धीर लागतो.

आपल्या परिसरात मुक्तागिरीचे सिद्धक्षेत्र आहे. शिरपूरचे अंतरिक्ष पार्श्वनाथ आहेत. कारंजासारखी जुनी पुण्यनगरी आहे. या ठिकाणी जाण्याची इच्छा प्रत्येक ज्येष्ठाच्या मनात असते. मुक्तागिरीच्या सगळ्या पायऱ्या प्रत्येकाला चढता येतील असे वचन मी देऊ शकत नाही. परंतु गाडीतून स्वतः उतरता यावे, देवासमोर बसून पुन्हा स्वतः उठता यावे, इतके बळ पुष्कळांच्या आवाक्यात आहे.

येथून घरी गेल्यावर आपल्या घरातील सर्वांत वडीलधाऱ्या व्यक्तीजवळ एक खुर्ची ठेवा, आपण समोर उभे राहा आणि त्यांना पाच वेळा उठायला सांगा. उद्या पुन्हा सांगा.

 माझ्या बोलण्यात काही उणे-अधिक आले असल्यास मिच्छामि दुक्कडम्.

जय जिनेंद्र.